रोटरी की वाँड? कोकणात कार्पेट धुणाऱ्यांसाठी

ऑगस्टमधली गोष्ट. मालवणजवळच्या एका हॉलचं कार्पेट धुऊन आम्ही संध्याकाळी सातला मशीन बंद केलं. मॅनेजर चपला दारात काढून आत आला, उकिडवा बसला, तळहात कार्पेटमध्ये दाबला आणि उचलून ट्यूबलाइटकडे धरला. हात चकाकत होता. "फाल्या दहाक पावणे येतले. तोवर सुकतला मां?"

मी हो म्हणून बसलो. सकाळी हॉल उघडला तर आत ओल्या गोणपाटाचा वास. मॅनेजर काही बोलला नाही, फक्त अगरबत्तीचा पुडा घेऊन फिरत राहिला.

खरं तर ते कार्पेट मी आजवर धुतलेल्यांत सगळ्यात स्वच्छ निघालं होतं. नवी रोटरी, म्हणजे फिरत्या डोक्याचं धुण्याचं हत्यार, पहिल्यांदाच बाहेर काढली होती आणि तिने दहा वर्षांचा मळ उपसून काढला. पाणी मात्र तिला होजने जोडलेल्या, पाणी ओढणाऱ्या मशीनला उपसता आलं नाही. कोणी विचारलं की रोटरी घेऊ का, तर मी आधी विचारतो, धुतल्यावर कार्पेटमध्ये पाणी किती उरतं ते कधी मोजलंय का? कोकणात या प्रश्नाचं उत्तर हातात असल्याशिवाय हत्यार निवडू नये.

दोन्ही हत्यारं करतात काय

पद्धत एकच. गरम पाणी दाबाने कार्पेटच्या धाग्यांत मारायचं आणि मळासकट लगेच ओढून घ्यायचं. लोक त्याला स्टीम क्लीनिंग म्हणतात, पण वाफ त्यात नावापुरतीच.

वाँड म्हणजे वाकवलेली स्टीलची नळी. खाली साधारण १० ते १२ इंच रुंद तोंड, त्यापुढे एक-दोन किंवा चार नोजल, वर ट्रिगर. ट्रिगर दाबून मागे ओढायचं, पाणी आत जातं आणि तोंडाच्या फटीतून परत येतं. यात घासणं असं काही नाही. मळ सुटतो तो केमिकल, उष्णता आणि वेळ यांच्या जोरावर. शिवाय वाँड पुढे-मागेच चालते, त्यामुळे धाग्याची एक बाजू जास्त धुतली जाते.

रोटरीत मोटर एक गोल डोकं फिरवते, साधारण मिनिटाला १५० ते २५० फेरे. डोक्यावर तीन ते पाच ओढणारी तोंडं, त्यांना शू म्हणतात, आणि मध्ये नोजल. तीन शू आणि २०० फेरे धरले तर एका जागेवरून मिनिटाला ६०० वेळा, आणि तेही सगळ्या दिशांनी, शू जातो. हातात वाँड घेऊन हे कोणालाच जमणार नाही. जेवणाच्या हॉलमधली टेबलांमधली काळी पडलेली वाट, रिसेप्शनसमोरचा पट्टा, तेलकट मळ, इथे रोटरी सरळ सरळ पुढे आहे. त्यात वाद घालण्यासारखं काही नाही.

खांदा आणि मनगट वाचतात, हाही फायदा धरा. पूर्ण दिवस वाँड ओढलेल्या माणसाला संध्याकाळी ताटातला घास उचलतानाही हात जाणवतो.

आधी कार्पेट ओळखा

कडेचा एक धागा कापून पाण्याच्या ग्लासात टाका आणि बोटाने बुडवून सोडा. तरंगून वर आला तर पॉलिप्रॉपिलीन, कारण ते पाण्यापेक्षा हलकं असतं. नायलॉन, पॉलिएस्टर आणि लोकर बुडतात. लोकरीची शंका असेल तर दुसरा धागा चिमट्यात धरून जाळा. केस जळल्याचा वास आला तर लोकर. लोकरीवर कडक अल्कली आणि उकळतं पाणी चालत नाही. रोटरी चालवायचीच असेल तर ती हलक्या हाताने आणि ब्रशशिवाय. हाताने विणलेला गालिचा असेल तर रोटरी गाडीतच राहू द्या. रंग सुटतो का ते पाहायला ओला पांढरा रुमाल दाबून ठेवा, मगच पाण्याचा विचार करा.

नंतर धाग्याची रचना. कट पाइल, म्हणजे वरून कापलेले धागे, रोटरीला आवडतात. फक्त गोल गोल खुणा उरतात, त्या शेवटी कार्पेटच्या दाताळ्याने एका दिशेला विंचरून घ्याव्या लागतात. लूप पाइल, म्हणजे न कापलेली वेटोळी, इथे डोळे उघडे ठेवा. मी एकदा ठेवले नव्हते. एका जुन्या ऑफिसात एक वेटोळं आधीच उसवलेलं होतं, शूच्या कडेत अडकलं, आणि मी स्विच बंद करेपर्यंत हातभर लांब ओळ स्वेटरसारखी उसवत गेली. त्या दिवसाची मजुरी भरपाईत गेली. आता लूपच्या कार्पेटवर आधी अनवाणी चालतो आणि हात फिरवतो. उभा धागा सापडला की कात्रीने पृष्ठभागाशी छाटायचा, ओढायचा कधीच नाही. सांधे उकललेले असतील तर त्या पट्ट्यात वाँडच.

पाठीमागे ताग असेल, जुन्या कार्पेटना असतोच, तर जास्त पाणी म्हणजे तपकिरी डाग. तागातला रंग ओलाव्याबरोबर धाग्यांच्या टोकापर्यंत चढतो आणि सुकल्यावर दिसतो. मळ परत आला असं गिऱ्हाईक म्हणतं, पण तो मळ नसतो. सायट्रिक आम्लाचं पातळ द्रावण हलकं फवारून तो पुष्कळदा उतरतो. मुळात तो येऊ न देणं सोपं.

मशिदीतल्या लांब पट्ट्यांच्या कार्पेटबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण रमजानच्या आधी रत्नागिरी-चिपळूण पट्ट्यात ती कामं भरपूर असतात. ही कार्पेटं बहुतेक वेळा फरशीवर नुसती अंथरलेली असतात. रोटरी त्यांना गोळा करून स्वतःभोवती गुंडाळते. एकाने कडेवर उभं राहायचं आणि दुसऱ्याने चालवायचं, किंवा सरळ वाँड घ्यायची. दोन माणसं रोटरीवर लावण्यापेक्षा एक माणूस वाँडवर मला परवडतो.

२२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर बुडालेली कार्पेटं धुवायची का, असं मला पुष्कळांनी विचारलं. नाही. पुराचं पाणी म्हणजे गटाराचंही पाणी. असं कार्पेट बाहेर काढून टाकायचं, कुठल्याही हत्याराने वाचत नाही.

मशीनचा दम आणि बोर्डाचा दम

माझ्या त्या ऑगस्टच्या फजितीचं मूळ इथे होतं. वाँडला एकच तोंड असतं, मशीनची सगळी ओढ तिथे एकवटते. रोटरीत तीच ओढ तीन-चार शूंमध्ये वाटली जाते, आणि शूच्या कडेने हवा गळते ती वेगळीच. छोटं एका मोटरचं मशीन वाँडवर बरं काम करतं, रोटरीवर मात्र धापा टाकतं. पाणी आत जातंच, परत येत नाही. निदान दोन व्हॅक्यूम मोटर असलेलं मशीन नसेल तर रोटरी घेऊ नका. होजही जितका लांब तितकी ओढ कमी. मशीन हॉलच्या आत आणता येत असेल तर बाहेर ओसरीवर ठेवून २० मीटर होज टाकू नका.

आता वीज. दोन व्हॅक्यूम मोटर प्रत्येकी १२०० वॅटच्या धरल्या तर २४०० वॅट. त्यात १५०० वॅटचा हीटर आणि पंप. इथेच ३९०० च्या वर गेलो. २३० व्होल्टला १६ अँपियरचा सॉकेट ३६८० वॅटपर्यंतच. वर रोटरीची मोटर. म्हणजे दोन वेगवेगळ्या सर्किटवरचे सॉकेट हवेत. एका भिंतीवरचे दोन सॉकेट म्हणजे दोन सर्किट नव्हेत. बोर्डातला पहिल्या सॉकेटचा एमसीबी पाडा, दुसऱ्या सॉकेटला लावलेला दिवा चालू राहिला तर ते सर्किट वेगळं. मॅनेजरला न विचारता हे करू नका, एकदा माझ्या हातून मासळीच्या डीप फ्रीजरचा एमसीबी पडला होता आणि तो परत वर करायचा राहिला. ओल्या कार्पेटवर उभं राहून काम असल्याने अर्थिंग तपासा आणि ३० मिलिअँपियरचा गळती-रक्षक, म्हणजे आरसीसीबी, नसेल तर स्वतःचा एक्स्टेंशनमध्ये बसवून न्या.

परदेशातून वापरलेली रोटरी स्वस्तात मिळते म्हणून भुलू नका. ११५ व्होल्ट आणि ६० हर्ट्झची मोटर ट्रान्सफॉर्मर लावून आपल्याकडे चालवता येईल असं विकणारा म्हणेल. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. बहुतेक मोटरी ५० हर्ट्झला हळू फिरतात आणि जास्त तापतात. प्लेटवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ वाचूनच पैसे द्या.

पाण्याचा हिशोब, बादलीने

याला एक तास लागतो, आणि नंतर कोणाचं मत विचारावं लागत नाही.

हॉलचा एक सारखा मळलेला भाग निवडा आणि मास्किंग टेपने २ मीटर बाय २ मीटरचे दोन चौकोन आखा. पहिला वाँडसाठी, दुसरा रोटरीसाठी. साफ पाण्याच्या टाकीत मोजून १० लिटर भरा, गोळा होणारी टाकी पूर्ण रिकामी करा. प्री-स्प्रे, म्हणजे धुण्याआधी फवारलेलं केमिकलचं पाणी, तेही मोजा, ते विसरतं. चौकोन नेहमीच्या पद्धतीने धुवा, मग टाकीत उरलेलं पाणी मोजून आत किती गेलं ते काढा. घाण पाणी लिटरच्या खुणा असलेल्या बादलीत ओता. फेस झाला असेल तर डिफोमर टाकून बसू द्या, नाहीतर फेसालाच पाणी समजाल. आत गेलेलं वजा परत आलेलं, म्हणजे कार्पेटमध्ये राहिलेलं. होजमध्ये थोडं अडकतं, म्हणून दोन्ही वेळा होज सारखाच उचलून रिकामा करा.

समजा ८ लिटर गेलं आणि ६ परत आलं. चार चौरस मीटरमध्ये २ लिटर, म्हणजे चौरस मीटरला अर्धा लिटर. हॉल २०० चौरस मीटरचा असेल तर १०० लिटर पाणी खाली बसलंय. ते सगळं हवेत जायला हवं.

आणि हवेत जागा किती? २८ अंशांना पूर्ण भरलेली हवा घनमीटरला साधारण २७ ग्रॅम बाष्प धरते. पावसाळ्यात आपली हवा ८५ टक्के भरलेलीच असते, म्हणजे उरली सुमारे ४ ग्रॅमची जागा. २०० चौरस मीटरचा, साडेतीन मीटर उंच हॉल म्हणजे ७०० घनमीटर. गुणाकार करा, जेमतेम ३ लिटर. कार्पेटमध्ये १०० आणि हवेत जागा ३ लिटरची! खिडक्या उघडल्या तरी बाहेरून तसलीच भरलेली हवा आत येते. पंखे लावून सुकेल असं जे मी त्या मॅनेजरला सांगितलं, ते या गणितापुढे किती पोकळ होतं ते नंतर कळलं.

दोन चौकोनांचे आकडे समोर ठेवले की निवड आपोआप होते. रोटरीचा उरलेला आकडा वाँडपेक्षा कमी किंवा बरोबरीचा आला, तर तुमचं मशीन तिला पुरतंय, बिनधास्त चालवा. जास्त आला तर आधी मशीन सुधारा, किंवा रोटरीने घासा आणि लगेच मागून वाँडचे दोन कोरे हात, म्हणजे पाणी न सोडता नुसती ओढ, फिरवा. मी स्वतः जून ते सप्टेंबर बहुतेक वेळा हेच करतो.

नोजलही तपासा. त्यावर ८००२ असं कोरलेलं असेल तर ८० म्हणजे फवाऱ्याचा कोन ८० अंश, आणि ०२ म्हणजे ४० पीएसआय दाबाला मिनिटाला ०.२ गॅलन, सुमारे पाऊण लिटर. दाब चौपट केला की प्रवाह दुप्पट होतो. म्हणजे १६० पीएसआयला अशी दोन नोजल मिनिटाला ३ लिटर ओततात. पावसाळ्यात लहान नंबरचं नोजल लावून पाहा. कधी कधी सगळा घोळ हत्याराचा नसतोच, नोजलचा असतो.

प्रत्यक्ष काम

कुठलंही हत्यार असो, पहिलं काम कोरडं. आपल्याकडे जांभ्याची लाल धूळ आणि बीचवरची वाळू. फिरत्या ब्रशच्या व्हॅक्यूमने दोन दिशांनी, सावकाश. लाल धूळ ओली झाली की धाग्याला लेप बसतो. तिच्यातला रंग लोहाचा, त्यावर ब्लीच कधीच टाकू नका, डाग पक्का होतो. हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि गिऱ्हाइकाला दिसत नाही, म्हणून सगळ्यात जास्त गाळला जातो.

पाणी कुठलं आहे तेही बघा. पांढऱ्या बादलीत बोअरचं पाणी रात्रभर ठेवा. सकाळी पिवळं-तांबूस झालं तर त्यात लोह आहे, हलक्या रंगाच्या कार्पेटवर ते पाणी मारू नका. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी चाखून पाहा, मचूळ लागलं तर शेवटचा हात तरी नळाच्या पाण्याचा द्या. मीठ नुसतं चवीचा प्रश्न नाही. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतः ओलावा ओढून पाणी होतं, डब्यातलं जुलैत होतं तसंच. समुद्रावरून ओल्या पायांनी येणाऱ्या पाहुण्यांच्या खोल्यांतलं कार्पेट धुतल्यावर चार दिवसांनी परत दमट लागतं, त्याचं कारण पुष्कळदा हेच. ते मीठ धुऊनच काढायला हवं, त्यामुळे अशा खोल्यांत पाणी वाचवू नका, ओढायला जास्त वेळ द्या.

मग प्री-स्प्रे. १० ते १५ मिनिटं राहू द्या, सुकू देऊ नका. वाँडने काम असेल तर याच वेळात लांब दांड्याच्या ब्रशने किंवा ब्रश मशीनने घासून घ्या, कारण वाँड घासणार नाही. रोटरी असेल तर हे वाचतं.

वाँडचा हात असा: ट्रिगर दाबून मागे ओढा, सेकंदाला फूटभर, आणि ओढीच्या शेवटी वीतभर आधी ट्रिगर सोडा. नाहीतर प्रत्येक ओळीच्या टोकाला डबकं साचतं. मग त्याच ओळीवर दोन कोरे हात, पावसाळ्यात तीन. पुढची ओळ दोन बोटं आधीच्यावर चढवा. वाँडच्या तोंडावर पारदर्शक काच किंवा होजचा पारदर्शक तुकडा असेल तर तिकडे नजर ठेवा. करडं पाणी धो धो जातं, मग पांढरट, मग नुसते थेंब काचेला चिकटून थरथरतात. थेंब थरथरायला लागेपर्यंत पुढे सरकायचं नाही.

रोटरी शिकायला एक दिवस द्या, आणि तो गिऱ्हाइकाच्या हॉलमध्ये नको. हँडल किंचित उचललं की मशीन एका बाजूला सरकतं, दाबलं की दुसऱ्या बाजूला. ढकलू नका, ढकलणारा दहा मिनिटांत दमतो. पाणी सोडून एकदा डावीकडून उजवीकडे, पाणी बंद करून तोच पट्टा उलटा. मोटर चालू ठेवून एका जागी थांबू नका. केबल नेहमी खांद्यावरून मागे. आणि कडा, कोपरे, खुर्च्यांचे पाय, पायऱ्या इथे गोल डोकं पोचत नाही. म्हणजे रोटरी घेतली तरी वाँड आणि लहान हँड टूल गाडीत लागतातच. उलट मात्र खरं नाही, नुसत्या वाँडवर पूर्ण काम होतं.

सुकवणं

पावसाळ्यात दारं-खिडक्या लावा. बहुतेकांना उलटं वाटतं, पण वरचं गणित आठवा. एसी असेल तर पूर्ण चालू, पंखे कार्पेटच्या अंगाने वारा जाईल असे जमिनीवर ठेवा. डिह्युमिडिफायर भाड्याने मिळाला तर त्याची दिवसाला किती लिटर ओढायची क्षमता आहे ते विचारा, दिवसाला ५० लिटरचा असेल तर १०० लिटरला दोन दिवस, आणि छापील क्षमता नेहमीच पूर्ण मिळत नाही. हिवाळ्यात मात्र सकाळी लवकर धुवा आणि खिडक्या सताड उघडा. दुपारपर्यंत जमिनीवरून मतलई वारा असतो, कोरडा. दुपारनंतर खारे वारे सुरू झाले की बंद करा.

२४ ते ४८ तासांत सुकलं नाही तर बुरशी धरते. पांढऱ्या टिश्यूची चार पदरी घडी कार्पेटवर ठेवून तिच्यावर अर्धा मिनिट पूर्ण वजनाने उभे राहा. कागद कोरडा निघाला तर खुर्च्या लावायला हरकत नाही. लोखंडी पायांच्या खुर्च्यांखाली तरीही प्लास्टिकचे तुकडे घाला, नाहीतर दुसऱ्या दिवशी गंजाची वर्तुळं मोजत बसाल.

खारी हवा आणि हत्यारांचं आयुष्य

वाँडमध्ये बिघडण्यासारखं काय असतं? ट्रिगरच्या व्हॉल्व्हची ओ-रिंग आणि नोजल. दोन्ही खिशात मावतात. रोटरीत मोटर, गिअर, बेअरिंग आणि फिरत्या डोक्यात पाणी नेणारा सांधा. आपल्या हवेत तो सांधा आणि बेअरिंग आधी जातात, आणि सुटा भाग मुंबई-पुण्याहून किंवा त्याच्याही पलीकडून यायला वेळ लागतो. रोटरी घेतानाच सीलचा एक जादा संच घ्या, नंतर मागवू म्हणू नका.

काम संपलं की साध्या पाण्याने दोन्ही हत्यारं आतून धुवा, होजमध्ये दोन मिनिटं नुसती हवा ओढू द्या. नोजल क्षाराने बुजली तर रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा, तार घालून भोक मोठं करू नका. रोटरीचं डोकं उलटं करून पुसून, वाळवून, आडवी ठेवा. मी पावसाळ्यात तिच्या कापडी आवरणात सिलिका जेलच्या पिशव्या टाकतो आणि दर पंधरा दिवसांनी एकदा दोन मिनिटं फिरवतो, म्हणजे बेअरिंग धरत नाही.

पैशांचं म्हणाल तर रोटरी वाँडच्या कित्येक पट महाग पडते. घरं, होमस्टे, दोन-चार खोल्यांची हॉटेलं एवढंच काम असेल तर तो पैसा चांगल्या दोन मोटरच्या मशीनवर आणि हलक्या, तोंडाला घसरती पट्टी लावलेल्या वाँडवर घाला. महिन्याला दोन-तीन मोठे हॉल, थिएटर, बँकेची शाखा, बँक्वेट असं काम ठरलेलं असेल, आणि बादलीचा हिशोब रोटरीच्या बाजूने आला असेल, तर घ्या.

त्या मालवणच्या हॉलला मी पुढच्या वर्षी परत गेलो. मॅनेजरने फोनवरच विचारलं, "सुकतला मां?" मी सांगितलं, पाहुण्यांच्या आधी पूर्ण दोन रात्री हॉल माझ्या ताब्यात द्या आणि एसीचं बिल तुमचं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "बरां, मगे अगरबत्ती नको हाडूया."